पांढरपेशे बूट

एस. वाय. बी. ए., भूगोल

गेल्या डिसेंबरात आमच्या महाविद्यालयाच्या फलकावर जिमखान्याची एक सूचना लागली. वार्षिक क्रीडास्पर्धांच्या संचलनात भाग घेणाऱ्या विद्यार्थी-विद्यार्थिनींनी पांढरा पोशाख व स्वच्छ पांढरे बूट घालून सकाळी सात वाजता मैदानावर हजर राहावे, एवढाच तिचा मजकूर. सूचना चार ओळींची होती, पण तिच्यातल्या 'स्वच्छ' आणि 'पांढरे' या दोन शब्दांपायी मी एक अख्खा रविवार न्हाणीतल्या दगडापाशी घालवला. प्रस्तुत लेख त्या दगडापाशीच सुचलेला आहे. कथा-कवितांच्या अंकात बुटांचे काय काम, असे कुणी म्हणेल. म्हणो बापडे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि ती पायरी मी याच बुटांनी चढते. तेव्हा त्यांच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा हक्क मला आहे असे मी समजते.

बूट पळण्याचे आहेत. नव्या पेठेतून साडेनऊशे रुपयांना घेतले. त्याआधी शाळेचे कॅनव्हास होते आणि त्याआधी अनवाणी पाय होते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर धावावे लागते. पन्नासांपैकी वीस गुण त्या एका धावेवर अवलंबून असतात. म्हणून आम्ही पाच-सहा जणी रोज पहाटे नाक्याबाहेर, शेतांच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या वाटेवर पळतो. सोलापूरची माती कशी आहे हे सोलापूरकरांना सांगायला नको. पावसाळ्यात ती पायाला पायताणासारखी चिकटते आणि उन्हाळ्यात भुकटी होऊन नाकातोंडात जाते.

तर त्या रविवारी वरचे कापड तासाभरात निघाले. नाड्या निघाल्या. निघाला नाही तो मधला फोम. वरचे कापड आणि जमिनीला टेकणारे काळे रबर यांच्यामध्ये जो जाड, मऊ, पांढरा थर असतो, ज्याला मिडसोल म्हणतात, त्याने मला अक्षरशः रडवले. दात घासायचा जुना ब्रश झाला, धुण्याचा सोडा झाला, लिंबू झाले, मोबाईलवर कुणीतरी सांगितलेली टूथपेस्टही झाली. काळ्याचे करडे झाले, करड्याचे पांढरे होईना. ब्लीचिंग पावडरच्या वाटेला मात्र मी गेले नाही, कारण तो धडा आधी मिळाला होता. आदल्या वर्षीच्या बुटांना आईने मायेपोटी ती पावडर लावून एप्रिलच्या उन्हात पत्र्यावर वाळत घातले होते. संध्याकाळी उतरवले तेव्हा फोम पिवळा पडला होता आणि पुढची कड उलली होती. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. चूक तिची नव्हती, पण तिला ती आपलीच वाटली.

मनात प्रश्न आला की जी वस्तू मातीत वापरायची, ती मुळात पांढरी करायचीच कशाला? नांगर कुणी पांढरा रंगवत नाही. आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सरांना मी हे विचारले. सर हसले आणि म्हणाले, "अगं, पांढरा हा दिलेला रंग नव्हे. रंग दिला नाही म्हणून तो पांढरा आहे." मला आधी ही कोटी वाटली. पण सरांचे म्हणणे खरे आहे, निदान अर्धे तरी.

हा फोम म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, थोडक्यात ईव्हीए, नावाचे प्लॅस्टिक. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत पळण्याच्या बुटांत ते आले आणि मग जगभर पसरले. त्याच्यात वायू सोडणारी पूड मिसळून साच्यात तापवतात. पुडीचा वायू होतो आणि प्लॅस्टिक फुगते. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फोडताना होते तसेच. मालदांडीचा दाणा हातावर घेतला तर पिवळसर, मोत्यासारखा. तापल्या कढईत आतल्या ओलाव्याची वाफ झाली की तो फुटतो आणि लाही पांढरीशुभ्र. दाण्याला कुणी चुना लावलेला नसतो. पिठूळ भागात असंख्य बारीक फुगे होतात, प्रत्येक फुग्याच्या भिंतीवर उजेड इकडेतिकडे फेकला जातो, आणि सगळे रंग सारखेच विखुरले गेले की डोळ्याला ते पांढरे दिसते. हिरव्या साबणाचा फेसही पांढरा, निळ्या साबणाचाही पांढराच. बुटाचा फोम म्हणजे गोठलेला फेस होय. भरीव ईव्हीएचे एका घनसेंटिमीटरचे वजन सुमारे ०.९५ ग्रॅम, आणि बुटातल्या फोमचे ०.२ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाच भागांत जवळजवळ चार भाग हवाच. आपण साडेनऊशे रुपयांत बरीचशी हवा विकत घेतो, पण ती हवाच गुडघे सांभाळते, त्यामुळे तिच्याविषयी माझी तक्रार नाही.

फेस रंगवणे सोपे नसते. फुग्यांमुळे कुठलाही रंग फिका पडतो, मग तो जास्त घालावा लागतो. प्रत्येक रंगासाठी यंत्र पुसून काढावे लागते, आणि डाव्या-उजव्या बुटाची छटा जुळवावी लागते. त्यापेक्षा एकच पांढरा फोम केला की तो लाल कापडाखाली चालतो, निळ्याखाली चालतो, काळ्याखालीही उठून दिसतो. कारखानदाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचेच आहे. म्हणूनच मोठ्या नावाचा बूट असो की हरियाणातल्या बहादूरगडहून आलेला बिननावाचा, कडा बहुधा पांढरीच.

इथपर्यंत सरांचे मान्य. पण पुढे वाचता वाचता कळले की नुसता फेस दुधासारखा पांढरा नसतो; तो किंचित मळकट, अर्धपारदर्शक असतो. त्याला झळझळीत पांढरे करण्यासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पूड मुद्दाम घालतात. भिंतीच्या रंगात घालतात तीच. म्हणजे 'रंग दिला नाही म्हणून पांढरा' हे काही पूर्ण खरे नाही. पांढऱ्याला आणखी पांढरे करण्यासाठी पैसे खर्चून रंग दिलेलाच आहे! निसर्गाने पांढरे केले म्हणून ते पांढरे राहिले, असे म्हणून माणसाला हात झटकता येणार नाहीत.

भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून मला यात एक गंमत वाटली. टायटॅनियमची ही पांढरी पूड इल्मेनाइट या खनिजापासून करतात, आणि इल्मेनाइट असते काळे. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते सापडते. केरळात कोल्लमजवळ चवरा येथे अशाच किनारी वाळूपासून ही पूड करण्याचा कारखाना आहे. आणि आपल्या दख्खनच्या काळ्या मातीला काळेपणा कशाने आला, याची जी कारणे क्रमिक पुस्तकात देतात, त्यांतले एक म्हणजे तिच्यातले टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट. एकाच धातूचा पांढरा अवतार बुटात बसला आहे आणि काळा अवतार बाहेरून त्याला चिकटतो आहे. भावकीतले भांडण म्हणतात ते हेच असावे.

हे भांडण मिटत का नाही, हेही पाहण्यासारखे आहे. नव्या फोमवर साच्यातून आलेली एक पातळ, गुळगुळीत कातडी असते. ती आहे तोवर ओल्या फडक्यानेही काम भागते. पण खडे, काटक्या, बसच्या पायऱ्या यांनी ती खरचटते आणि तिच्याखालचे फुगे उघडे पडतात. फुटलेला प्रत्येक फुगा म्हणजे एक वाटी. ही वाटी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. काळ्या मातीतला चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक, तो वाटीत खुशाल जाऊन बसतो. आणि आपल्या ब्रशाचा केस मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाइतका जाड, म्हणजे वाटीच्या तोंडाहून मोठा. केस आत जातच नाही, मग मी रविवारभर घासत होते ते काय? शिवाय या प्लॅस्टिकला पाण्याचे वावडे आणि तेलाशी सलगी. रस्त्यावरचे डांबर, वंगण, यांचे डाग नुसते वर बसत नाहीत, आत मुरतात. टूथपेस्टमध्ये किंवा हल्ली मिळणाऱ्या पांढऱ्या घासणीत जी बारीक धार असते, ती मळाबरोबर उरलीसुरली कातडीही काढून टाकते. बूट त्या दिवशी उजळतो खरा, पण दुसऱ्या दिवशी दुप्पट वाट्या उघड्या. जितके धुवावे तितका तो लवकर मळतो, हे गणित दुकानदार सांगत नाही.

उन्हाचे तर विचारूच नका. साडीवर हळद सांडली तर आपण ती धुऊन उन्हात टाकतो आणि डाग उडून जातो. तोच भरवसा आईने बुटावर ठेवला होता. पण ऊन आणि हवा यांनी फोम स्वतःच पिवळा पडतो. वाट्यांत साबणाचा अंश राहिला असेल तर जास्तच. तापल्या पत्र्यावर तो मऊ होऊन आक्रसतो, गोंद सुटतो. कापडाचे शहाणपण फोमला लागू पडत नाही.

इथे कुणी विचारील की पांढऱ्याशी तुझे एवढे वैर का? वैर मुळीच नाही. पांढरे आमचेही आहे. आमचे आजोबा मंगळवेढ्याकडचे. जन्मभर रानात राबले आणि जन्मभर पांढरेच धोतर नेसले. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर पांढऱ्या बाराबंदीतला जनसमुदाय चालतो तेव्हा सोलापूरचे रस्ते कसे दिसतात, हे मी काय वर्णावे! आषाढात पंढरीच्या वाटेवर हजारो धोतरांचे काठ चिखलाने काळे होतात, त्यांना कुणी अस्वच्छ म्हणत नाही. पण सुती कापडाला भट्टी सोसते, सोडा सोसतो, नीळ सोसते. शंभर वेळा मळून शंभर वेळा ते परत पांढरे होऊ शकते. फोमला ही परतीची वाट नाही. एकदा गेलेले पांढरेपण गेलेच.

आजोबांच्या बोलण्यात 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द नेहमी येत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण, घरे बांधून राहायची जागा. दिवसभर काळीत राबायचे आणि दिवे लागताना पांढरीत परतायचे. पुढे शहराने आणखी एक शब्द दिला, पांढरपेशा. ज्याच्या पेशात कपडे मळत नाहीत तो पांढरपेशा. मला वाटते, आमच्या पायांतले बूट हे असे पांढरपेशे आहेत. ते झाडलेल्या रस्त्यावर, रबरी धावपट्टीवर, गाडीतून उतरून मैदानात आणि मैदानातून गाडीत, असे चालण्यासाठी योजले आहेत. त्यांना काळी ठाऊकच नाही. आणि ज्यांना रोज काळीतून यावे लागते, त्यांना ते पांढरीच्या वेशीवर अडवतात.

हे मी उगाच जिव्हारी लावून घेते आहे असे वाटेल, म्हणून थोडा हिशेब मांडते. बुटाच्या एका जोडीला नीट धुवायला अर्धा तास आणि अर्धी बादली पाणी लागते. आमच्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही. गेली कित्येक वर्षे चार-चार, पाच-पाच दिवस वाट पाहून पिंपे भरण्याची आम्हाला सवय आहे. आई विड्या वळते. दिवसभर बसून हजार विड्या होतात, म्हणजे अर्ध्या तासात पन्नास-साठ. माझ्या बुटाचे पांढरेपण आठवड्याला पन्नास-साठ विड्यांचे आहे, मग धुणारी मी असो वा आई. माझ्या भावाचेही बूट पांढऱ्या तळाचेच आहेत. ते कोण धुते, हा प्रश्न त्याला पडलेला मी अजून पाहिलेला नाही. (हा अंक तो वाचणार आहे, हे मला माहीत आहे.)

वडील टॉवेलच्या कारखान्यात आहेत. हॉटेलांसाठी जाणारे जाड पांढरे टॉवेल तिथे निघतात. टॉवेलावर तेलाचा एक थेंब पडला की तो डागी मालात जातो. वडिलांना मी एकदा विचारले, सगळे टॉवेल पांढरेच का? ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे ना, आधी कुणी वापरला नाही म्हणून." मला वाटते बुटाच्या पांढऱ्या कडेचेही खरे कारण हेच आहे. ती नवेपणाचा दाखला आहे. ती मळली, पिवळी पडली की आतला फोम अजून धड असला तरी बूट जुना दिसतो आणि माणूस दुकानाकडे वळतो.

वास्तविक यावर तोड निघालेली आहे, आणि तीही फार जुनी. मोटारीचे टायर सुरुवातीच्या काळात पांढुरके असत. १९१० च्या सुमारापासून रबरात काजळी घालू लागले, टायर काळे झाले आणि कितीतरी अधिक टिकू लागले. आपल्या बुटाचे सर्वांत खालचे रबर बहुतेक वेळा काळे असते ते याच शहाणपणातून. फोममध्येही काजळी घालता येते. काळे फोम बाजारात आहेत. मात्र काळा फोम उन्हात जास्त तापतो. सोलापूरच्या मे महिन्यात तो पायाला चटका देईल, हा पांढऱ्याच्या बाजूचा मुद्दा मी नाकारीत नाही. मग मातकट का नको? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वायव्य सरहद्दीवर इंग्रजांच्या 'गाईड्स' पलटणीने धुळीत उठून दिसणारा पोशाख टाकून मातीच्या रंगाचे कपडे घेतले. खाकी हा शब्दच मुळी 'खाक' म्हणजे धूळ, यावरून आला. साहेबाला जे शंभर-पाऊणदोनशे वर्षांपूर्वी उमगले ते बूटवाल्यांना अजून उमगू नये? आणि मी ज्या वर्दीसाठी पहाटे पाचला उठते, ती वर्दीही खाकीच आहे. मातीच्या रंगाची वर्दी मिळवायची, तर त्याआधी बुटावरची माती खरवडून काढायची, हा काय न्याय झाला?

आता संचलनाचे सांगते. रविवारच्या खटपटीनंतर माझे बूट कसेबसे पास झाले. माझ्या मैत्रिणीचे झाले नाहीत. तिच्या पायांत भावाचे तपकिरी बूट होते, धुऊन लख्ख केलेले. पण सूचनेत 'पांढरे' असे लिहिले होते. ती बाजूला उभी राहिली आणि आम्हा सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत तिने संचलन पाहिले. तीच मुलगी त्याच दिवशी दुपारी १५०० मीटरमध्ये त्याच तपकिरी बुटांनी दुसरी आली. त्या वेळी तिच्या पायांकडे कुणी पाहिले नाही, सगळे घड्याळाकडे पाहत होते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये एका शर्यतीत सात वेळा पाण्याच्या खड्ड्यात उडी घेतो. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो रौप्यपदकासाठी उभा राहिला, तेव्हा त्याच्या बुटांचा रंग कुणाच्या लक्षात आहे? साताऱ्याकडच्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या अंतिम फेरीत दहावी आली, तेव्हाही आपण तिची वेळच पाहिली. धावताना जी गोष्ट कुणी पाहत नाही, तीच चालताना का पाहावी, हे मला खरोखर कळलेले नाही.

जिमखान्याच्या सरांविषयी माझ्या मनात आकस नाही. सूचना वर्षानुवर्षे तशीच उतरवली जाते. कॅनव्हासच्या बुटांना खडूची पांढरी मात्रा लावून सारवासारव करता येई, त्या काळातली ती असावी. फोमवर खडू टिकत नाही, तो चार पावलांत झडतो. हे मी करून पाहिले आहे.

संचलनानंतरच्या आठवड्यात आम्ही अकरा जणींनी सह्या करून जिमखान्याकडे एक अर्ज दिला. 'स्वच्छ पांढरे बूट' याऐवजी 'नाडीचे कोणतेही बूट' असे लिहावे, एवढीच त्यात विनंती आहे. अकरावी सही त्या तपकिरी बूटवालीची. अर्जावर 'विचाराधीन' असा शेरा पडला आहे. तोवर माझे बूट खिडकीत आहेत. उजव्या बुटाच्या टाचेशी कालच्या पावसाची माती वाळून तिला भेगा पडल्या आहेत, अगदी रानात पडतात तशा. पाणी परवा यायचे आहे, ते आधी पिंपात भरायचे. बूट पहाटे पाचला आहेत तसेच पायांत जातील.